पाच देश राहू देत, चार पेठा बघ

पत्र : ताई, मी साताऱ्यात गोडोलीला राहते. वय २९. छापखान्यात डिझाइनचं काम करते. रविवारी आमचा सायकल ग्रुप यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जातो, त्यात मी असते. काही वर्षांपासून दूध, दही, तूप, मध सगळं सोडलंय. शाळेच्या सहलीत औंधच्या संग्रहालयात हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प पाहिलं, तेव्हापासून चित्रा-शिल्पांचं वेड आहे. येत्या जूनमध्ये पहिल्यांदाच परदेशी जायचं ठरतंय. चुलतभाऊ बर्लिनला श्पांडाऊ भागात राहतो, त्याच्याकडे दोन आठवडे. तो म्हणतो, एका व्हिसात पाच देश होतात, करून टाक. टूरवाला म्हणतो, व्हेज मिळेल, आणि पनीरचा फोटो दाखवतो. मला सायकलवरून गल्ल्या हिंडायच्यात, चित्रं बघायचीत. आई म्हणते, तिकडं उपाशी मरशील. वहिनी प्रेमळ आहे, पण तिच्या घरात तुपाशिवाय पान वाढत नाहीत. शिवाय काकूंनी आत्तापासून बजावलंय, भावासाठी दोन किलो कंदी पेढे ने. सांगा, काय करू? – सायकलवाली, सातारा

सायकलवाली,

आधी ते पाच देश खोडून टाक. दोन आठवड्यांत पाच देश म्हणजे पाच स्टेशनं, पाच कुलपं, पाच वेळा बॅग भरणं. दर गावी नवी सायकल भाड्याने घ्यायची आणि दर गावी जेवणाची शोधाशोध पहिल्यापासून करायची. दूध-तूप न खाणाऱ्या माणसाला प्रवासात खरी अडचण होते ती गाव अनोळखी असण्याची. एकाच गल्लीत तू दुसऱ्यांदा गेलीस की कुठल्या टपरीवर तिळाची चटणी मिळते, कुठला बेकरीवाला विचारलेलं नीट सांगतो, हे तुला ठाऊक झालेलं असतं. तिसऱ्यांदा गेलीस की तोच तुला विचारतो. भाऊ बर्लिनला आहे, तर बर्लिनच बघ. त्यातही सगळं बर्लिन नाही. एका दिवशी एक पेठ घे. तिच्यात एक चित्र किंवा शिल्प आणि एक जेवण एवढं आधी ठरव आणि उरलेला दिवस सायकलवर सोडून दे. भावाला वाईट वाटेल, पण त्याला ऑफिस आहे. पाच देश तुलाच फिरायचे होते.

पहिल्या दिवशी शहरात सायकल घालूच नकोस. टेम्पेलहोफर फेल्डला जा. हा एके काळचा विमानतळ. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवली, तेव्हा पिठापासून कोळशापर्यंत सगळं विमानांनी आणावं लागलं, त्यातली कितीतरी विमानं इथं उतरली. २००८ मध्ये विमानतळ बंद झाला, २०१० मध्ये मैदान लोकांना खुलं झालं. पुढे कडेने घरं बांधायचा बेत निघाला तेव्हा २०१४ मध्ये बर्लिनकरांनी मतदान करून तो हाणून पाडला. तीनशे हेक्टरहून मोठं मोकळं रान शहराच्या पोटात तसंच राहिलं. धावपट्ट्या जशाच्या तशा आहेत, त्यांच्यावरून लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात, बाजूला भाज्यांचे वाफे करतात. गाडी एकही नाही. म्हणून तुझी उजळणी इथं.

उजळणी कशाची? तिथं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं. डोक्याला ते लगेच पटतं, हातापायांना पटायला वेळ लागतो. ब्रेकचे दांडेही बहुधा आपल्या उलट असतात, म्हणजे पुढच्या चाकाचा ब्रेक डाव्या हाताला. शिवाय भाड्याच्या पुष्कळ सायकलींना पायडल उलटं फिरवलं की मागचं चाक जागीच दाबलं जातं. आपल्याला उतारावर उगाच पायडल मागे फिरवायची सवय असते ना, ती तिथं नडेल. तासभर धावपट्टीवर घाल, मग रस्त्यावर ये.

रस्त्याचे नियम फार नाहीत, पण जे आहेत ते लोक पाळतात आणि दुसऱ्याने पाळावेत म्हणून ओरडतातही. लाल दिवा तोडला तर सायकलवाल्यालाही किमान ६० युरो दंड आहे. आपण पोवई नाक्यावर जे करतो ते तिथं करायचं नाही. सायकलची पट्टी एकाच दिशेची असते, तिच्यावरून उलटं यायचं नाही. फुटपाथवर मोठ्यांनी सायकल चालवायची नाही. जिथं सिग्नल नाही आणि पाटीही नाही, तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. डावीकडे वळायचं असेल तर मोठ्या चौकात मध्ये घुसू नकोस. सरळ पलीकडे जा, थांब, सायकल वळव आणि त्या बाजूचा दिवा हिरवा झाला की नीघ. पूर्व भागात ट्राम आहेत. त्यांचे रूळ तिरपे ओलांडलेस तर चाक खाचेत अडकून तू तोंडावर पडशील, म्हणून रूळ आडवे, काटकोनातच ओलांड. उभ्या मोटारींपासून हातभर लांब राहा, दारं अचानक उघडतात. चढाची काळजी नको. यवतेश्वर चढणारीला बर्लिन म्हणजे कॅरम बोर्ड आहे. त्रास देईल तो दगडी फरसबंदीचा, जुन्या गल्ल्यांत हाडं खिळखिळी होतात. तेव्हा अरुंद टायरची चकचकीत सायकल घेऊ नकोस, जाड टायरची घे. कुलूप मात्र भारी घे. सायकली चोरण्यात बर्लिन मागे नाही.

श्पांडाऊ शहराच्या पश्चिम टोकाला आहे. रोज तिथून सायकल हाणायची गरज नाही. लोकल आणि भुयारी रेल्वेत सायकल नेता येते, फक्त तिचं वेगळं तिकीट लागतं. कागदी तिकीट घेतलंस तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घे. तिकीट आहे पण शिक्का नाही, तर ते नसल्यातच जमा. तपासनीस साध्या कपड्यांत फिरतात आणि ६० युरो घेतात.

आता क्रॉइत्सबर्ग. इथं एक दिवस नाही, दोन दे. बर्लिनची भिंत उभी होती तेव्हा ही पेठ पश्चिम बर्लिनची, पण पूर्वेकडचा मोठा तुकडा तीन बाजूंनी भिंतीने वेढलेला. पैसेवाला माणूस तिथं कशाला राहील? भाडी पडली. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणायचा करार केला, त्यातून आलेली कुटुंबं इथं स्थिरावली. मागोमाग चित्रकार, वादक, रिकाम्या इमारती बळकावणारी पोरं आली. तू बघायला जातेस ती भिंतींवरची चित्रं त्या स्वस्ताईतून आलेली आहेत. मारियानेनश्ट्रासंवर एका इमारतीची अख्खी बाजू व्यापून काळा-पांढरा अंतराळवीर तरंगतोय, व्हिक्टर अ‍ॅशने २००७ मध्ये काढलेला. तो आधी बघ, मग कुव्ह्रीश्ट्रासंला जा.

तिथं तुला काहीच दिसणार नाही, तरी जा. तिथं तेव्हा एक मोकळी जागा होती, तिच्या कडेला दोन भिंतींवर ब्लू नावाच्या इटालियन चित्रकाराची प्रचंड चित्रं होती. एकात एक बिनडोक्याचा माणूस टाय नीट करतोय, दोन्ही मनगटांत सोन्याची घड्याळं, आणि ती घड्याळं एकमेकांना साखळीने बांधलेली. चित्रं जगभर गाजली. पुढे त्या मोकळ्या जागेवर इमारती उठवायचं ठरलं आणि तीच चित्रं घरांचं गिऱ्हाईक खेचायला उपयोगी पडणार असं दिसू लागलं. डिसेंबर २०१४ मध्ये एका रात्रीत ती काळ्या रंगाने पुसून टाकली गेली, खुद्द चित्रकाराच्या संमतीने. आमच्या रंगांवर तुम्ही भाडी वाढवू नका, असा त्यातला रोख. तू छापखान्यात काम करतेस, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून चांगलं डिझाइन कसं पुसावं लागतं ते तुला नवीन नाही. इथं चित्रकाराने ते गिऱ्हाइकाच्या हाती लागू नये म्हणून पुसू दिलं. तिथं सायकल टेकवून दहा मिनिटं उभी राहा.

हे सांगण्यामागे थोडा हेतू आहे. पेठ बघायला येणाऱ्यांमुळेच पेठेतली भाडी चढतात, ही तक्रार तिथं तुला भिंतीभिंतींवर लिहिलेली दिसेल. तू भावाकडे राहतेस, हे चांगलं आहे. कुणाच्या खिडकीत, अंगणात कॅमेरा घालू नकोस. चहा-कॉफी, फलाफल त्याच गल्लीतल्या दुकानात घे. तेवढं केलंस तरी पुष्कळ.

क्रॉइत्सबर्गमध्येच मारियानेन चौकात बेथानियन नावाचं जुनं हॉस्पिटल आहे. आता तिथं कलाकारांचे स्टुडिओ आहेत आणि एक प्रदर्शनाची जागा आहे, तिला तिकीट नाही. मोरित्झ चौकात मोडुलोर नावाचं कलासाहित्याचं दुकान आहे. तिथं जाताना पाकीट हलकं ठेव, कागदांचे नमुने बघतानाच तुझा अर्धा दिवस जाईल. आणि ओरानियनश्ट्रासंवरून चालवताना मधूनमधून खाली उतर. फुटपाथमध्ये तळहाताएवढ्या पितळी फरशा बसवलेल्या दिसतील, दहा सेंटिमीटर लांब-रुंद. त्या घरात राहणाऱ्या, नाझींनी उचलून नेलेल्या माणसाचं नाव, जन्मसाल आणि पुढे काय झालं तेवढं त्यांवर कोरलेलं असतं. गुंटर डेम्निग या कलाकाराचं हे काम. बर्लिनमधल्या पहिल्या फरशा त्याने १९९६ मध्ये याच रस्त्यावर, परवानगी न घेता बसवल्या. आता त्या युरोपभर आहेत. संग्रहालयातली कुठलीही गोष्ट माणसाला अशी मान खाली घालायला लावत नाही, निदान मला तरी लावली नाही.

जेवणाचं इथंच सांगते, कारण तुझं पोट याच भागात भरणार आहे. क्रॉइत्सबर्गला लागून कालव्यापलीकडे नॉयकोल्न. मंगळवारी आणि शुक्रवारी कालव्याच्या काठी माइबाखउफरवर तुर्की बाजार भरतो. भाजी, ऑलिव्ह, सुकामेवा, ताजी पावभाकरी. बाजार उठायच्या वेळी टोपल्या स्वस्तात निघतात, आपल्यासारख्याच. तिथून थोडं पुढे झोननआले हा रस्ता, अरब दुकानांचा. फलाफल, हुम्मुस, बाकल्याच्या दाण्यांची उसळ म्हणजे फूल, भाजलेल्या वांग्याचं भरीत, ही सगळी जेवणं मुळातच तुझी आहेत. गडबड होते ती वरून ओतल्या जाणाऱ्या पांढऱ्या सॉसमध्ये. लसणाचा आणि पाल्याचा सॉस बहुधा दह्याचा असतो. तू तिळाचा माग, त्याला ताहिना म्हणतात. भरीतातही कुणी कुणी दही घालतात, म्हणून विचार. बकलावा लोण्याचा असतो, तो सोड. तुर्की दुकानात चीय कोफ्ते मिळतात. नावावरून घाबरू नकोस, दुकानात विकतात ते बहुतेक दलिया, टोमॅटो-मिरचीचा लगदा आणि मसाल्याचे असतात, पातळ रोटीत गुंडाळून देतात. तिखट खाणाऱ्या साताऱ्याच्या जिभेला बर्लिनमध्ये सगळ्यात आधी पटेल ती हीच गोष्ट.

जर्मन बेकरीतला साधा पाव बहुतेक वेळा बिनदुधाचा असतो, गोड पावात मात्र लोणी-अंडं धरूनच चाल. एक कायदा तुझ्या कामाचा आहे. युरोपीय संघात चौदा अ‍ॅलर्जीकारक घटक पदार्थात आहेत की नाहीत हे सांगणं बंधनकारक आहे आणि दूध नि अंडं दोन्ही त्या यादीत आहेत. पाकिटावर ते ठळक अक्षरांत छापलेले असतात. हॉटेलच्या मेन्यूत पदार्थापुढे बारीक अक्षरं किंवा आकडे दिसले तर त्यांचा अर्थ शेवटच्या पानावर शोध. मध त्या यादीत नाही, तो वेगळा विचारावा लागतो. 'ओने मिल्श, ओने आय, ओने होनिश' एवढं पाठ कर, दुधाशिवाय, अंड्याशिवाय, मधाशिवाय. खरं तर बर्लिनमध्ये नुसतं 'वेगान' म्हटलं तरी पोरंसोरंही समजतात. तुला समजावून सांगावं लागेल ते बहुधा आपल्याच लोकांना. भारतीय हॉटेलात शिरू नकोस, असं मी म्हणेन. तिथं 'व्हेज' म्हणजे साय आणि पनीर.

जूनमध्ये जातेस, तर सगळीकडे पांढऱ्या शतावरीच्या पाट्या दिसतील. जर्मन लोक २४ जूनपर्यंत तिचा मोसम मानतात आणि वेड्यासारखे खातात, पण लोणी-अंड्याच्या सॉसमध्ये बुडवून. बाजारातून आणून भावाच्या घरी तेलावर परत. आणखी एक, रविवारी तिथं वाण्याची दुकानं बंद. शनिवारीच सामान भरून ठेव. मोठ्या स्टेशनांतली काही दुकानं तेवढी चालू असतात. पाणी विकत घेऊ नकोस, नळाचं पितात.

आता प्रेन्त्सलाउअर बेर्ग. तू औंधच्या मूरबद्दल लिहिलंस म्हणून ही पेठ मुद्दाम. तिथं केथे कोल्विट्झ राहायची, चित्रकार आणि शिल्पकार. नवरा डॉक्टर, गरिबांना तपासायचा. त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका तिच्या चित्रांत येत गेल्या. धाकटा मुलगा पेटर पहिल्या महायुद्धात हट्टाने भरती झाला आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये मारला गेला. त्यानंतर ती आयुष्यभर आई आणि मूल, आई आणि मूल करत राहिली. १९४३ मध्ये तिचं घर बॉम्बने गेलं, युद्ध संपायच्या थोडंसंच आधी तीही गेली. ती राहायची त्या चौकाला आता तिचंच नाव आहे. मधोमध तिचा बसलेला पुतळा आहे, मुलं त्याच्या मांडीवर चढतात आणि कुणी त्यांना खाली उतरवत नाही. शनिवारी तिथं बाजार असतो, त्या दिवशी जा.

मग तिथून उतारानेच मध्यवर्ती भागात ये, नॉये वाखे नावाच्या छोट्या दगडी इमारतीपाशी. एकोणिसाव्या शतकातली राजाच्या पहारेकऱ्यांची चौकी आहे ती. आत रिकामी खोली, आणि मधोमध कोल्विट्झची आई, मेलेल्या मुलाला मांडीत घेऊन बसलेली. तिचं मूळ शिल्प लहान होतं, १९९३ मध्ये मोठं करून इथं ठेवलं. छताला बरोबर तिच्या डोक्यावर गोल भोक आहे, त्यातून पाऊस आणि बर्फ थेट तिच्या अंगावर पडतो. तिकीट नाही. औंधची आई मुलाला धरून आहे आणि ही मुलाला धरून आहे, दोन्हींच्या हातांकडे बघ. पाऊस पडत असेल त्या दिवशी मुद्दाम जा.

खुद्द मूरही तुला भेटेल. टिअरगार्टन या मोठ्या बागेच्या उत्तर टोकाला, श्प्रे नदीजवळ, जगभरच्या संस्कृतींच्या कार्यक्रमांचं एक सभागृह आहे, त्याच्यासमोरच्या पाण्यात त्याचं प्रचंड ब्राँझ फुलपाखरू आहे. मूर १९८६ मध्ये गेला, हे त्याच्या अगदी शेवटच्या कामांपैकी. औंधचं लहानसं दगडी शिल्प पंतप्रतिनिधींनी आपल्या संग्रहात घेतलं तेव्हा मूरचं एवढं नाव झालेलं नव्हतं. राजा स्वतः चित्रं काढायचा, त्याची नजर होती. परदेशात कुणी विचारलं, तुमच्या गावाकडे काय आहे, तर कंदी पेढ्यांआधी हे सांग.

त्याच बागेच्या दक्षिणेला गेमेल्डेगालेरी, जुन्या चित्रांचं संग्रहालय. सोमवारी बंद. आत रेम्ब्रां आहे, व्हर्मेरची दोन चित्रं आहेत, सगळी बघशील तर पाय तुटतील. तू ब्रॉयगेलचं १५५९ सालचं एकच चित्र तासभर बघ. एका गावात शंभराहून जास्त म्हणी आणि वाक्प्रचार माणसांच्या रूपात वावरताहेत. एकजण भिंतीवर डोकं आपटतोय, एकजण डुकरांपुढे गुलाब टाकतोय, एकजण वासरू बुडाल्यावर खड्डा बुजवतोय. गाढवाला गुळाची चव काय आणि वरातीमागून घोडं, दोन्ही तिथं सापडतील. वहीत म्हणी मोजत बस. पेर्गामोन संग्रहालय का पाहिलं नाहीस असं इथं कुणी विचारलं तर सांग, ते २०२३ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे. एक हुरहूर आपोआप कमी झाली.

राहिला चौथा भाग, डालेम. श्पांडाऊहून इथं सायकलनेच जा, हाफेल नदीच्या काठाने ग्रुनेवाल्डच्या जंगलातून. वाटेत टॉयफेल्सबेर्ग नावाची टेकडी लागेल. उंची समुद्रसपाटीपासून १२० मीटर, सातारा शहर त्याच्या कितीतरी वर वसलंय, तेव्हा चढण्याचं कौतुक नाही. पण ती टेकडी मातीची नाही, दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या बर्लिनच्या घरांच्या राडारोड्याची आहे. माथ्यावर अमेरिकनांचं हेरगिरीचं जुनं ठाणं पडकं उभं आहे आणि भिंती रंगवून भरलेल्या. जंगलाच्या दुसऱ्या बाजूला ब्रूके संग्रहालय, लहान, शांत, भडक रंगांचं. १९०५ मध्ये ड्रेस्डेनला जमलेल्या तरुण चित्रकारांच्या गटाचं ते आहे.

आणि डालेममध्ये ईनेश्ट्रासंवर २२ नंबरची इमारत आहे. तिथं १९२८ ते १९३० या काळात आपल्या इरावतीबाई कर्वे शिकत होत्या. मानववंशशास्त्राची ती संस्था. तिच्या प्रमुखाला, ऑयगेन फिशरला, युरोपीय माणसाची कवटी आणि इतरांची कवटी यांत फरक आहे असं दाखवून हवं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की वंशाचा आणि कवटीच्या असमान ठेवणीचा असा काही संबंध सापडत नाही. पंचविशीही न गाठलेली महर्षी कर्व्यांची सून, परका देश, आणि समोर निकाल हातात धरून बसलेला गुरू! पुढे हीच संस्था नाझींच्या अमानुष कामांत सामील झाली, इमारतीवर तशी पाटी लावलेली आहे. आता तिथं विद्यापीठाचा विभाग भरतो. भुकेची वेळ झालीच असेल, तर जवळच त्या विद्यापीठाची पूर्ण शाकाहारी खाणावळ आहे, २०१० पासून. बर्लिनच्या विद्यापीठांच्या खाणावळींत आता बरंचसं जेवण वनस्पतिजन्यच असतं, आणि बाहेरच्यांनाही थोडे जास्त पैसे देऊन जेवता येतं.

वहिनीचं कोडं मला सगळ्यात सोपं वाटतं. तिथं पोचून ताटावर बसल्यावर 'मला तूप नको' म्हणशील तर तिला लागेल. जायच्या आधी फोनवर स्वच्छ सांग, काय चालतं ते सांग, काय चालत नाही ते शेवटी सांग. झुणका, भाकरी, ठेचा, मटकीची उसळ, कुळथाचं पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि तेल. आपल्या घरच्या स्वयंपाकातलं मोठं ताट तसंही तुझ्या बाजूचं आहे, तूप वरून येतं. दोन दिवसांआड रात्रीचा स्वयंपाक तू कर. भाजणी, मेतकूट, चटणी इथून ने, सुकं सामान चालतं. आणि दूध का सोडलं यावर तिथं वाद घालू नकोस. कुणी विचारलं तर एका वाक्यात सांग आणि भाकरी थाप. भाकरी थापणाऱ्या माणसाशी कुणी वाद घालत नाही.

आईला सांग, जूनमध्ये तिथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्याआधी घरी ये. रोज सकाळी निघताना कुठल्या पेठेत जातेस तेवढं भावाला कळव. अडचणीला ११२ नंबर.

पेढे न्यायचे नाहीत. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणू देत नाहीत, ताजी फळंही बहुतेक नाहीत. काकूंना सांगताना तुझ्या दूध सोडण्याचं नाव काढू नकोस, नाहीतर त्यांना वाटेल तूच टाळतेस. विमानतळावरचा कायदा पुढे कर. त्याऐवजी भडंग दे म्हणावं, भाऊ जास्त खूश होईल.

आणि व्हिसा. जास्तीत जास्त दिवस ज्या देशात राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. तुझा आता सगळा मुक्काम जर्मनीतच आहे, त्यामुळे कागद सरळ झाले. किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो, भावाचं निमंत्रणपत्र आणि राहण्याचा पुरावा लागतो, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा टूरवाल्याला नाही म्हणायचा फोन आणि व्हिसाची तारीख, दोन्ही याच आठवड्यात उरकून घे.